गावाला घर आहे ना?

आमची वहिनी सत्तरीला टेकली आहे. दिव्याला मुलाकडे राहते. दादा गिरणीत होता. त्याच्या नावानं गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केलेला आहे आणि तो गेल्यापासून त्या अर्जामागची सगळी धावपळ वहिनीच्या अंगावर पडली आहे. गेल्या महिन्यात ती कागद द्यायला गेली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका तरुण मुलानं तिला विचारलं, ‘काकी, गावाला घर आहे ना तुमचं? मग मुंबईत कशाला हवंय?’ त्याच्या मनात काही वाईट नसणार. पण वहिनीला उत्तर सुचलं नाही. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, ‘भावोजी, मी काय सांगायला हवं होतं हो?’

फोनवर मलाही ते सांगता आलं नाही. तेव्हापासून मी त्याच विचारात आहे. उत्तर आहे, पण ते द्यायला आजोबांपासून सुरुवात करावी लागते.

मी बेचाळीस वर्षं आमच्या गावचा पोस्टमास्तर होतो. गाव राजापूर तालुक्यातलं, डोंगराच्या पोटाशी चार वाड्यांचं. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी. एक टेबल, एक काटा, शिक्का आणि लाखेचा वास. १९७३ साली काम हाती घेतलं तेव्हा गिरणीचा पगार महिन्याच्या दहा तारखेला होई आणि मनीऑर्डर यायला पुढचे चार-पाच दिवस लागत. चौदा-पंधरा तारखेपासून पडवीत बायका येऊन बसायच्या. मी नाव पुकारायचो, अंगठा घ्यायचो, नोटा मोजून हातात द्यायचो आणि मग कुपन वाचून दाखवायचो. नोटा कनवटीला जायच्या, पण कुपन पुन्हा एकदा वाचायला सांगायच्या. आमची वहिनीही त्यांच्यातच बसायची. घर एकच असलं तरी पोस्टाच्या वेळेत ती माजघरातून पडवीत येऊन सगळ्यांबरोबर ओळीत बसे.

कारखाने निघाले, शहरात काम मिळू लागलं, म्हणून खेड्यातले लोक शहराकडे गेले, असं माझ्या शाळेच्या पुस्तकात होतं. नातवाच्या पुस्तकातही थोड्याफार फरकानं तेच आहे. ते वाचताना मला दर वेळी वाटतं की, लिहिणाऱ्याला माणसं पाण्यासारखी उताराला लागलेली दिसत असावीत. मी पैसे वाटले, पत्रं वाचली, उत्तरं लिहिली. आपोआप वाहत गेलेला एकही माणूस मला भेटला नाही. प्रत्येकाला त्याच्या घरानं निवडून पाठवलं होतं, आणि पाठवलं होतं ते गावातलं घर आणि चार खाचरं हातची जाऊ नयेत म्हणून. मुंबईला गेलेल्या माणसानं गाव सोडलं, असं आमच्याकडे कुणी म्हणत नसे. तो ‘मुंबैस असतो’ असं म्हणत.

आजीची एक पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आहे. तिच्यात मनीऑर्डरची कुपनं आहेत, सुतळीनं बांधलेली. पोस्टानं मनीऑर्डरची सोय आपल्या देशात १८८० साली सुरू केली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या आणि पैसे देताना तो तुकडा फाडून घरच्यांच्या हातात द्यायचा, अशी रीत. आजीला अक्षरओळख नव्हती, पण तिनं एकही तुकडा टाकला नाही. सगळ्यात जुनं कुपन १९१७ सालचं आहे, पाच रुपयांचं. आजोबांनाही लिहिता येत नव्हतं. खोलीतल्या कुणा शिकलेल्याकडून लिहून घेतलेलं ते मोडीवळणाचं अक्षर. मजकूर एवढाच: खोताचे देऊन टाकावे. बैल विकू नये.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात तेव्हा बहुतेक गावांवर खोत होते. सरकारचा सारा खोत भरायचा आणि कुळांकडून पीक घ्यायचा. अर्धेल कुळानं निम्मं भात द्यायचं. पीक शेतात उभं असतानाच त्याचा अंदाज बांधला जाई, त्याला अभावणी म्हणत. अंदाज बांधणारा खोताच्या बाजूचा. मग पाऊस उशिरा उघडला, भात आडवं पडलं, काही झालं तरी देणं अंदाजाप्रमाणे. वर खोताच्या शेतावर, त्याच्या घरी लग्नकार्यात फुकट राबायचं, ती वेठ. १८८० च्या कायद्यानं या सगळ्याला पक्कं रूप दिलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. तरी खोती कायद्यानं जायला १९४९ साल उजाडावं लागलं.

जमीन म्हणाल तर जांभ्याची. खाली वहाळाच्या कडेला भाताची खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, तीही दोन-तीन वर्षं घेऊन मग जमीन पडीक ठेवायची. राब भाजल्याशिवाय रोप होत नाही. भावाभावांत वाटण्या होत गेल्या तशी खाचरं इतकी लहान झाली की नांगर वळवायला जागा पुरेना. खोताचं निम्मं गेल्यावर उरलेलं भात शिमग्यापर्यंत कसंबसं पुरे. चैत्रापासून पुढे कणगी रिकामी. मीठ, कापड, बैल, लग्न या सगळ्याला रोकड लागे आणि रोकड गावात फक्त खोताकडे नाहीतर वाण्याकडे. त्यांच्याकडून घेतलेली रोकड जमिनीवर बसे.

म्हणजे आजोबांचे पाच रुपये भूक भागवायला नव्हते. भुकेसाठी वरीचा भात होता, कंदमुळं होती, खाडीची मासळी होती. ते पाच रुपये कुळाची जमीन टिकवायला होते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. उपाशी माणूस मिळेल तिकडे जातो आणि परत येत नाही. जमीन राखायला गेलेला माणूस दर शिमग्याला, दर गणपतीला परत येतो, कारण ज्यासाठी तो गेला ते इथेच असतं.

कोकणातला माणूस गिरण्यांमुळे पहिल्यांदा घराबाहेर पडला असंही नाही. मुंबई फौजेत आमच्या भागातले मराठे आणि महार पिढ्यान्‌पिढ्या भरती होत. सुभेदार-हवालदारांच्या पेन्शनवर कित्येक घरं उभी होती. एकोणिसावं शतक सरत आलं तसा सरकारचा कल उत्तरेकडच्या जमातींकडे गेला आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंदच झाली. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला होता. एक दार बंद झालं तेव्हा दुसरं उघडं होतं. ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती. १९०० च्या सुमारास मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि १९२० च्या दशकात त्यांत दीड लाखाच्या घरात माणसं कामाला होती.

पण गिरणी निघाली म्हणून आमच्या वाडीतला माणूस उठून तिच्या दाराशी गेला नाही. गेला असता तरी त्याला कुणी आत घेतलं नसतं. कामगार लावणं मुकादमाच्या हाती असे. त्यालाच जॉबर म्हणत. खात्यात किती माणसं कमी आहेत ते त्याला ठाऊक, कुणाला उभं करायचं ते तो ठरवणार. त्याची दस्तुरी द्यावी लागे. आमच्या गावचा एक माणूस परळच्या एका गिरणीत मुकादमाच्या मर्जीतला झाला आणि मग पन्नास वर्षं आमच्या वाडीतली माणसं त्याच गिरणीच्या त्याच साचाखात्यात, म्हणजे मागांवर, लागत गेली. दुसऱ्या वाडीची माणसं दुसऱ्या गिरणीत, त्यांचाही पहिला माणूस असाच कुणीतरी. मुंबईला जायचं म्हणजे मुळात वाडीतल्या अमक्याकडे जायचं. तो जिथे राहतो ते लालबाग आणि तो जिथे उभा राहतो तो साचा. एवढीच मुंबई माणसाला आधी ठाऊक असे. शहराच्या दिव्यांना भुलून लोक गेले असं कुणी लिहिलं की मला आजोबांचं गाठोडं आठवतं. त्यात एक कांबळं, पायलीभर पोहे आणि मुंबईतल्या त्या माणसाच्या घरच्यांनी त्याच्यासाठी दिलेले कुळीथ होते. आजी सांगायची, दुसऱ्याचं सामान स्वतःच्यापेक्षा जास्त होतं.

मुसाकाजीच्या बंदरात बोट यायची. किनाऱ्यापासून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, रात्र डेकवर काढायची आणि मुंबईचा धक्का गाठायचा. पावसाळ्यात बोट बंद. मग अणस्कुरा घाट चढून कोल्हापूरला जाऊन रेल्वे धरायची. कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. पावसात घरी कुणी वारलं तर मुंबईच्या माणसाला तेराव्यालाही पोचता येत नसे.

आता घरातल्या कुणी जायचं, ही गोष्ट. ही पुस्तकात कधीच येत नाही आणि माझ्या मते सगळं उत्तर इथेच आहे.

आमच्याकडे शेतातलं सगळं काम बाई करते. राब ती गोळा करते, भाजते, पेरते, रोप काढते, लावते, बेणते, कापते, झोडते, डोक्यावरून भारे वाहते, भात कांडते. एक गोष्ट तिनं करायची नाही अशी रीत, ती म्हणजे जोत धरणं. नांगराला पुरुष हवा. म्हणून घरात दोन भाऊ असले की, एक मुंबईला आणि एक जोताला. एकच असला तर तो मुंबईला आणि जोत शेजाऱ्याचं, त्याच्या बदल्यात बाईनं त्याच्या शेतात लावणी करायची. बैठक बसे ती रात्री जेवणं झाल्यावर, ओटीवर. बोलणं फार नसे. ज्याचं लग्न झालंय त्याला आधी पाठवत, कारण त्याच्यामागे शेतात राबायला बायको आहे. लोकांना हे उलटं वाटेल. लग्न झालेला माणूस घरी राहावा असं वाटणं साहजिक आहे. पण आमच्याकडे मुलाला मुंबईला पाठवता यावं म्हणून त्याचं लग्न लवकर करत.

आमच्याही ओटीवर ती बैठक झाली. मी सतरा वर्षांचा होतो, दादा वीसचा. बाबा साचाखात्यात होते, त्यांना छातीचा त्रास सुरू झाला होता आणि त्यांच्या जागी एकजण बदलीत लागू शकत होता. शाळेत मी पुढे होतो, मला वाटत होतं मुंबईत नाइट स्कूलला जाईन. आई म्हणाली, ‘मोठ्याचं लगीन करूया, तो जाईल. हा जोताक ऱ्हाईल.’ दोन वाक्यांत दोघांचं आयुष्य ठरलं. दादा जायला उत्सुक नव्हता, त्याला बैलांचं वेड होतं. मला नांगर धरता येत नव्हता. तरी तो गेला आणि मी राहिलो. वहिनी घरात आली ती माघात, दादा मुंबईला गेला तो चैत्रात.

आता शहराच्या बाजूनं बघा. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांतली चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेली होती. दोन लाखांहून जास्त तर एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. आणि दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आमची पडवी डोळ्यांसमोर आली. शहरात ज्या बायका दिसत नव्हत्या त्या सगळ्या इथे बसल्या होत्या, अंगठ्याला शाई लावून.

लालबागला आमची गावकीची खोली होती. दहा बाय बाराची असेल. तिच्यात वीस-बावीस माणसं राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी आणि वळकटी. सगळी एकदम झोपूच शकत नसत. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पडायचा. जेवण खानावळीत. खानावळवाली बहुतेक वेळा आपल्याच भागातली, आणि मुंबईला आलेल्या बायकांमध्ये तिची गोष्ट वेगळी असते. आमच्या वाडीतली एक बाई विशीत विधवा झाली. दिरांनी तिला जमिनीत वाटा दिला नाही, घरात मोलकरणीसारखं वागवलं. एका शिमग्यानंतर ती मुंबईला परतणाऱ्या माणसांबरोबर बोटीत बसली. आधी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बायकांच्या मुकादमाच्या, म्हणजे नायकिणीच्या, हाताखाली, मग स्वतःची खानावळ. तिच्या मनीऑर्डरी गावात कधी आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत दर चार-पाच कामगारांमागे एक बाई असे आणि त्यांतल्या कितीतरी अशाच विधवा किंवा टाकलेल्या होत्या. पुरुषाला घरानं पाठवलं, हिला घरानं काढलं. तिला विचारलं असतं, गावाला घर आहे ना, तर ती नाही म्हणाली असती.

महारवाड्यातून गेलेल्यांचंही कारण आमच्याहून निराळं होतं. त्यांना टिकवायला जमीन नव्हतीच म्हणा. होतं ते वतनाचं काम, वेठ आणि रोजचा अपमान. ते त्यापासून दूर गेले. रोख पगार हातात पडतो, तो कुणी वरून टाकत नाही, एवढी गोष्टही त्यांना मोठी होती. पण गिरणीच्या आत गेल्यावर पगार जास्त असलेलं साचाखातं त्यांना बंद. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा आमच्यासारख्यांना चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. माझे आजोबा त्या वेळी साचाखात्यात होते. त्यांनी या बाबतीत काय केलं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि न सांगण्यावरूनच मला ते कळतं. मला त्याची लाज वाटते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लाखो माणसं गावाकडे पळाली. गिरण्या ओस पडल्या, राहिलेल्यांना धरून ठेवायला रोजचा पगार रोज देण्याची पाळी मालकांवर आली. प्लेग ओसरला तशी माणसं परतली. आजारात, संपात, म्हातारपणी मुंबईचा माणूस गावाला येतो, हे तेव्हापासून सगळ्यांनी गृहीत धरलं. गिरण्यांनीही धरलं. १९२९ साली सरकारनं मजुरांच्या स्थितीचा विचार करायला व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. आपले ना. म. जोशी त्यात सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशननं लिहिलं की, कामगाराला शहर ओढून आणत नाही, खेडं त्याला बाहेर ढकलतं. आणि असंही म्हटलं की, त्याचं गावाशी असलेलं नातं चांगलं आहे, ते तोडू नये.

मी साधा पोस्टमास्तर, कमिशनच्या पुढे काय बोलणार असं कुणी म्हणेल. पण मी बोलणार आहे. खेड्यानं ढकललं म्हणजे कुणी? वहाळानं की डोंगरानं? ढकललं खोताच्या अभावणीनं, वाण्याच्या वहीनं आणि या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या कायद्यानं. आणि गावाशी नातं चांगलं, ते कुणाला? आजोबा बावन्नाव्या वर्षी कायमचे घरी आले. एकतीस वर्षं कापसाची धूळ छातीत गेलेली. त्यांच्या काळी फंड नव्हता, आजारपणाचा विमा नव्हता. याच पडवीत ते सात वर्षं खोकत होते आणि आजी त्यांना अडुळशाचा काढा देत होती. ती सात वर्षं गिरणीनं पोसली नाहीत. माझे बाबा लहानाचे मोठे झाले ते आजीनं पिकवलेल्या भातावर, त्यांचं बालपणही गिरणीनं पोसलं नाही. गिरणीनं आजोबांना दिला तो एका माणसाचा पगार, वळकटीपुरत्या जागेचा आणि खानावळीचा. त्यातले पाच रुपये त्यांनी पोट मारून वाचवले. कामगाराला वाढवणं, त्याला सुट्टीत पोसणं, म्हातारपणी सांभाळणं, त्याची पुढची पिढी तयार करून वीस वर्षांनी त्याच गेटवर उभी करणं, हे सगळं गावात झालं. ते बायकांनी केलं आणि त्याचा एक पैसा कुणाच्या हिशेबात धरला गेला नाही.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नानं वहिनीला इतकं लागलं. गावाला घर आहे, खरं आहे. कौलं ती शाकारत आली म्हणून आहे. दादाच्या नोकरीची पहिली बारा वर्षं ती मुंबईला फक्त दोनदा गेली, एकदा बाळंतपणात अडलं तेव्हा केईएमला आणि एकदा दादाला कावीळ झाली तेव्हा. पागडी भरून खोली घ्यायची ऐपत कधी आलीच नाही. गावातलं ते घर आहे म्हणून तिच्या नवऱ्याला शहरात घर न देता, एका खुंटीवर, चालवून घेता आलं. आता त्याच घराकडे बोट दाखवून तिला सांगतात की, तुझा इथे हक्क नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमिनीला भाव आला. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेकडे, तेवढाच घरांसाठी म्हाडाकडे जायचा होता. २००१ मध्ये त्यात असा बदल केला की, ही वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची व्हावी. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. गिरणीच्या आवारात रिकामी जागा ती किती असणार? सगळीकडे खातीच होती. आज घरासाठी दीड लाखांहून जास्त कामगार आणि वारसांचे अर्ज आहेत, घरं मिळाली ती त्यातल्या थोड्यांना. बाकीच्यांसाठी आता कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीची नावं पुढे येतात. माझं स्पष्ट मत आहे की, ही घरं मुंबईतच, गिरण्यांच्या जागांवर आणि सरकारच्या हातातल्या इतर जमिनींवर द्यायला हवीत. अर्ज करणाऱ्याचं गावाला घर आहे की नाही, हा प्रश्न कुणी विचारूही नये. तीन पिढ्या ज्यांनी हे शहर गावातून पोसलं त्यांच्यावर शहर उपकार करत नाहीये. मागचं देणं देतंय.

वहिनीला पुरावे जमवायचे होते म्हणून मी परवा आजीची ट्रंक पुन्हा उघडली. घरासाठी लागतात ते कागद म्हणजे तिकीट नंबर, फंडाची पावती, गिरणीचा दाखला. कुपनं त्यात चालत नाहीत, ते मला ठाऊक होतं. तरी मी सगळी काढून घोंगडीवर मांडली. १९१७ पासून १९८२ पर्यंत. आजोबांची, मग बाबांची, मग दादाची. अक्षरं बदलत गेली, पाचाचे वीस, विसाचे दीडशे झाले. पाठवणाऱ्याचा पत्ता पासष्ट वर्षं तोच, लालबागची ती गावकीची खोली. शेवटचं कुपन जानेवारी १९८२ चं, वहिनीच्या नावाचं. ते मीच तिला वाचून दाखवलं होतं. दादानं लिहिलं होतं: संप होणार. भात विकू नये.

फेब्रुवारीत टपालाची थैली आली तिच्यात वाडीसाठी एकही मनीऑर्डर नव्हती. मार्चमध्येही नाही. बायका पडवीत येऊन बसत, मी मान हलवली की उठून जात. एका दुपारी वहिनी माजघरातून तांदळाचं पोतं ओढत पडवीत घेऊन आली. मागोमाग शेजारच्या दोघी एकेक घेऊन आल्या. कणगीत बेण्याचं सोडून जे होतं ते त्यांनी कांडून भरलं होतं. वहिनीनं दाभणानं पोत्यांची तोंडं शिवली. संध्याकाळी मुंबईची एसटी येणार होती, पोती टपावर चढवायची होती. तिनं शाईची बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ‘भावोजी, पत्ता घाला.’